गोरिला हे नाव कोणाचे?

मराठी शब्दकोशात 'गोरिला' हा शब्द काढला तर आफ्रिकेतील एक अवाढव्य, बिनशेपटीचे वानर, एवढाच अर्थ बहुधा सापडेल. प्राणी ओळखायला तो पुरेसाही आहे. पण इंग्रजीचा एखादा चांगला कोश उघडून या शब्दाची व्युत्पत्ती पाहिली, तर तेथे एक चमत्कारिक अर्थ वाचायला मिळतो : 'अंगभर केस असलेल्या स्त्रियांची जमात'!

दोनशे किलोंपर्यंत वजन भरणाऱ्या वानराला स्त्रियांच्या जमातीचे नाव मिळाले कसे? हा शब्द अडीच हजार वर्षांचा आहे. ज्या प्राण्याला आपण तो लावतो, त्या प्राण्याला तो लागून मात्र अजून दोनशे वर्षेही झालेली नाहीत. मधल्या काळात हे नाव एका जुन्या हस्तलिखितात बिनमालकाचे पडून होते. आणि ते मुळात वानराचे होते की माणसांचे, या प्रश्नाचा निकाल आजही लागलेला नाही.

ही कथा सुरू होते कार्थेज या नगरात. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आजच्या ट्यूनिस शहराजवळ, फिनिशियन व्यापाऱ्यांनी हे नगर वसवले होते. दर्यावर्दीपणात कार्थेजच्या लोकांचा हात धरणारे त्या काळी फार थोडे होते. इ. स. पू. ५०० च्या सुमारास या नगराने हॅनो नावाच्या सरदाराला एका मोठ्या सफरीवर धाडले. आज ज्याला आपण जिब्राल्टरची सामुद्रधुनी म्हणतो ती ओलांडून त्याने आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे जावे आणि वाटेत वसाहती स्थापाव्यात, अशी ही कामगिरी होती. परत आल्यावर हॅनोने सफरीची हकीकत कार्थेजमधील देवळात लावून ठेवली.

ती मूळ हकीकत कार्थेजच्या भाषेतली. ती कधीच नाहीशी झाली. आपल्या हाती आहे ते तिचे ग्रीक रूपांतर, आणि तेही अगदी छोटे, दोन-तीन पानांत मावेल एवढे. त्याची जुन्यात जुनी प्रत नवव्या शतकातील असून ती जर्मनीत हायडेलबर्ग येथे जपून ठेवलेली आहे. म्हणजे सफर आणि ही प्रत यांच्यामध्ये चौदाशे वर्षांचे अंतर आहे. तेवढ्या काळात हा मजकूर किती हातांनी नकलला असेल याची कल्पना करा. १५३३ मध्ये बाझेल येथे तो प्रथम छापला गेला.

या हकीकतीवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. एक साधे गणित करून पाहा. हॅनोबरोबर प्रत्येकी ५० वल्ह्यांची ६० गलबते होती आणि त्यांत ३०,००० स्त्री-पुरुष होते, असे ती सांगते. भागाकार केला तर एका गलबतावर ५०० माणसे येतात! शिवाय शिधा, पाणी आणि सामान. अशी गलबते बंदराबाहेर पडण्यापूर्वीच तळाला गेली असती. तेव्हा एक तर आकडा फुगवलेला आहे, किंवा मालवाहू जहाजांचा उल्लेख गळालेला आहे.

आता आपल्याला हवा असलेला भाग पाहू. तो हकीकतीच्या अगदी शेवटी येतो. खूप दक्षिणेला गेल्यावर हॅनोला रात्री ज्वाळांनी धगधगणारा एक उंच पर्वत दिसला. त्यापुढे काही दिवसांच्या प्रवासानंतर एक आखात लागले. आखातात एक बेट होते, बेटावर एक सरोवर आणि त्या सरोवरात आणखी एक बेट. या आतल्या बेटावर 'रानटी माणसे' राहत होती. त्यांत स्त्रियाच पुष्कळ, आणि त्यांच्या सर्वांगावर दाट केस होते. बरोबरच्या दुभाष्यांनी त्यांना 'गोरिला' म्हटले. कार्थेजच्या लोकांनी पाठलाग केला, पण पुरुष काही हाती लागले नाहीत. ते कड्यांवर चढून गेले आणि वरून दगड मारू लागले. तीन स्त्रिया मात्र सापडल्या. त्या चावू लागल्या, ओरबाडू लागल्या, काही केल्या बरोबर येईनात. तेव्हा त्यांना ठार मारण्यात आले, त्यांची कातडी सोलण्यात आली आणि ती कार्थेजला नेण्यात आली. शिधा संपल्यामुळे सफर तेथूनच माघारी फिरली.

हकीकत येथे संपते. सोललेल्या कातड्यांबद्दल तीत हळहळीचा एक शब्दही नाही.

या मजकुरातली भाषा नीट पाहा. त्यात 'प्राणी' हा शब्द नाही. 'माणसे', 'स्त्रिया' आणि 'पुरुष' असेच शब्द आहेत. आपण मराठीत 'तो गोरिला' म्हणतो. ग्रीक मजकुरात मात्र हा शब्द स्त्रीलिंगी अनेकवचनी आहे. 'त्या गोरिला' असे म्हटले तर मुळाशी जास्त जुळेल. कोशातला तो चमत्कारिक अर्थ आला तो येथूनच.

पण हा शब्द कोणत्या भाषेतला? तो दुभाष्यांच्या तोंडचा आहे. हे दुभाषे हॅनोने आजच्या मोरोक्कोच्या किनाऱ्यावरून घेतले होते. पुढे दक्षिणेकडील लोकांची बोली या दुभाष्यांनाही कळेना, असे हीच हकीकत आधी एके ठिकाणी सांगते. मग त्याहूनही दूरच्या बेटावरच्या लोकांचे नाव त्यांना कसे ठाऊक असणार? त्यांनी आपल्याच भाषेतला एखादा शब्द वापरला असेल, किंवा कोणा किनाऱ्यावरच्या माणसाकडून ऐकलेला. पश्चिम आफ्रिकेतील फुला भाषेत पुरुषाला 'गोर्को' म्हणतात, त्याच्याशी काहींनी या शब्दाचे नाते जुळवून पाहिले आहे. पण नुसत्या उच्चाराच्या सारखेपणावर व्युत्पत्ती उभी करणे धोक्याचे असते. त्या न्यायाने उद्या कोणी 'गोरिला' हा मराठी 'गोरी' वरून आला असेही सिद्ध करील!

दुसरी शंका याहून मजेदार आहे. रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात सृष्टिविज्ञानाचा एक प्रचंड ग्रंथ लिहिला. त्यात हॅनोने आणलेल्या कातड्यांचा उल्लेख आहे. इ. स. पू. १४६ मध्ये रोमनांनी कार्थेज घेतले, तोपर्यंत ती कातडी तेथल्या देवीच्या मंदिरात लोकांना पाहायला मिळत असत, असे तो सांगतो. मात्र त्याच्या लेखी कातडी तीन नसून दोन आहेत. आणि ती 'गोरिलां'ची नसून 'गॉर्गड' स्त्रियांची आहेत. ग्रीक पुराणांतल्या केसांऐवजी साप असणाऱ्या राक्षसिणी, गॉर्गन, त्यांच्याशी जुळणारे हे नाव आहे.

आता ग्रीक लिपीतली मोठी अक्षरे डोळ्यांपुढे आणा. 'ग' साठी एक उभा दांडा आणि त्याच्या माथ्यावरून उजवीकडे गेलेली आडवी रेघ असते. 'इ' साठी नुसता उभा दांडा. 'अ' चे अक्षर म्हणजे दोन तिरप्या रेघांचा तंबू आणि मधोमध एक आडवी रेघ. मधली रेघ पुसली की 'ल' उरतो. 'ड' म्हणजे पूर्ण त्रिकोण. त्याचा पाया पुसला की पुन्हा 'ल' च उरतो. ग्रीकमध्ये या दोन शब्दांची 'गॉर्गडास' आणि 'गोरिलास' अशी रूपे होतात. दोन्हींत आठ-आठ अक्षरे. पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरे तंतोतंत सारखी. फरक फक्त मधल्या तीन अक्षरांचा, आणि ही तिन्ही अक्षरे एकेक आडवी रेघ पुसट झाली की पहिल्या शब्दातून दुसऱ्या शब्दात बदलतात! वहीत काढून पाहिले तर हे चटकन लक्षात येईल.

आपल्याकडे 'ध चा मा' प्रसिद्ध आहे; तो मुद्दाम केला असे सांगतात. नकलनविसांच्या हातून असे बदल नकळत होतात. देवनागरी पोथ्यांतही घ आणि ध, म आणि भ यांची अदलाबदल किती वेळा झालेली असते, हे जुन्या पोथ्या वाचणारे सांगतील. तेव्हा 'गोरिला' हा शब्द आफ्रिकेतल्या कोणत्याच भाषेतला नसून एका पुसट पानावरची नजरचूक असू शकेल, असे काही अभ्यासकांना वाटते. अर्थात उलटही शक्य आहे : अनोळखी 'गोरिला' वाचून प्लिनीने किंवा त्याच्या आधीच्या कोणी ओळखीचे 'गॉर्गड' केले असेल. केवळ अक्षरांवरून निवाडा करता येत नाही.

शब्द असा अधांतरी असताना प्राणी आपल्या अरण्यात सुखाने राहत होता, आणि अरण्याशेजारच्या लोकांना तो पिढ्यान् पिढ्या ठाऊकही होता. गाबोनच्या किनाऱ्यावरचे म्पोंग्वे लोक त्याला 'न्जीना' म्हणत. युरोपच्या कानावर तो प्रथम गेला असावा 'पोंगो' या नावाने. अँड्र्यू बॅटेल नावाचा इंग्रज खलाशी पोर्तुगीजांच्या हाती सापडून अनेक वर्षे अंगोलाच्या बाजूला राहिला. त्याची हकीकत १६२५ मध्ये छापली गेली. तीत त्याने तेथल्या जंगलातील दोन मनुष्याकार प्राण्यांची नावे दिली आहेत, 'पोंगो' आणि 'एन्जेको'. मोठा तो पोंगो. वाटसरू उठून गेले की पोंगो त्यांच्या शेकोटीभोवती येऊन बसतात. पण ती विझू लागली की तीत लाकूड घालायचे त्यांना सुचत नाही, असे बॅटेल सांगतो. वर्णनावरून पोंगो म्हणजे गोरिला आणि एन्जेको म्हणजे चिंपांझी असावा. गंमत पुढेच आहे. युरोपातल्या पंडितांनी या नावांचा असा काही घोळ घातला की 'पोंगो' हे आफ्रिकेतले नाव शेवटी जाऊन चिकटले ओरांगउटानला! बोर्निओ आणि सुमात्राच्या जंगलांत राहणाऱ्या त्या बिचाऱ्या तांबड्या वानराचे शास्त्रीय नाव आजही पोंगोच आहे.

आता १८४७ साल. थॉमस सॅव्हेज हा अमेरिकन डॉक्टर व मिशनरी आफ्रिकेहून मायदेशी निघाला असता त्याला गाबोन नदीवर अचानक मुक्काम करावा लागला. तेथे जॉन लेटन विल्सन या मिशनऱ्याच्या घरी त्याने एक कवटी पाहिली. सॅव्हेजला चिंपांझीची चांगली माहिती होती; त्यावर त्याने लेखनही केले होते. ही कवटी चिंपांझीची नाही, हे त्याने लगेच ओळखले.

कशावरून? एक म्हणजे आकार. दुसरे, नराच्या कवटीच्या माथ्यावर मधोमध उभा राहिलेला हाडाचा कंगोरा. या कंगोऱ्याचे काम समजून घ्यायचे तर आपले एक बोट कानशिलावर ठेवा आणि दात आवळा. बोटाखाली एक स्नायू टणक होताना जाणवेल. जबडा वर ओढणारा हा स्नायू माणसात कानशिलावरच थांबतो. नर गोरिलात तो एवढा मोठा असतो की दोन्ही बाजूंचे स्नायू माथ्यावर एकमेकांना भिडतात आणि त्यांना धरायला हाडाचा कंगोरा लागतो. दिवसभर चिवट पाला, देठ आणि साली चावणाऱ्याला अशा जबड्याची गरज असते.

सॅव्हेजने आणखी कवट्या आणि हाडे मिळवली. प्राण्याच्या सवयींची माहिती त्याने स्थानिक शिकाऱ्यांना विचारून जमवली. हाडांचा अभ्यास केला जेफ्रीज वायमन या हार्वर्डच्या शरीरशास्त्रज्ञाने. त्याच वर्षी बॉस्टनच्या एका सृष्टिविज्ञानविषयक नियतकालिकात या दोघांचे वर्णन प्रसिद्ध झाले, आणि त्यात नव्या वानराला नाव देण्यात आले 'ट्रोग्लोडायटिस गोरिला'. दुसरा शब्द त्यांनी हॅनोच्या हकीकतीतून उचलला होता. न्जीना हे चालते-बोलते नाव समोर असताना दोन हजार वर्षे वापरात नसलेला शब्द निवडण्यात आला. त्या काळच्या शिक्षणात ग्रीक आणि लॅटिनला असलेली प्रतिष्ठा पाहता यात नवल काहीच नाही.

पहिला शब्द मात्र टिकला नाही. 'ट्रोग्लोडायटिस' म्हणजे गुहेत राहणारा. चिंपांझीच्या प्रजातीला तेव्हा हे नाव वापरीत. पण तेच नाव त्याआधी, १८०९ मध्ये, रेन नावाच्या चिमुकल्या पक्ष्यांना देऊन झाले होते. प्राणिशास्त्रात नियम असा, की एक नाव दोन प्रजातींना चालत नाही आणि जे आधी दिले गेले ते खरे. तेव्हा मूठभर पक्ष्यापुढे महाकाय वानराला माघार घ्यावी लागली. १८५२ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ इझिदोर जॉफ्रवा सेंतिलेर याने गोरिलाची वेगळी प्रजाती मानून तिचे नावही 'गोरिला' ठेवले. प्रजाती गोरिला, जाती गोरिला! पुढे उपजाती ठरवताना पश्चिमेकडील सखल अरण्यातील प्राण्याचे पूर्ण नाव झाले 'गोरिला गोरिला गोरिला'. पाठ करायला याहून सोपे शास्त्रीय नाव मिळणे कठीण. पूर्वेकडील डोंगरी गोरिलाच्या नावात 'बेरिंगेई' असा शब्द आहे. १९०२ मध्ये ज्याने त्यातील दोघांना गोळ्या घातल्या, त्या फॉन बेरिंगे या जर्मन अधिकाऱ्याचे ते नाव. ज्याने मारले त्याचेच नाव मारल्या गेलेल्याला, असा प्रकार त्या काळी सर्रास चाले.

तर मग हॅनोने पाहिले ते गोरिलाच होते का? आज गोरिलाबद्दल आपल्याला सॅव्हेजपेक्षा खूपच अधिक माहिती आहे, तिच्या आधारे पाहू. चिडलेला नर गोरिला दोन्ही हातांच्या ओंजळी करून छाती बडवतो, पाने-फांद्या उपटून भिरकावतो आणि शत्रू व आपला कळप यांच्या मध्ये उभा राहतो. माद्यांना टाकून कड्यावर पळून जाणे त्याच्या स्वभावाशी जुळत नाही. दगड फेकतात ते चिंपांझी. गोरिलाला पोहता येत नाही, मग बेटातल्या बेटावर तो गेला कसा? आणि पूर्ण वाढलेली मादी सत्तर ते शंभर किलोंची असते. अशा तिघींना जिवंत पकडणाऱ्यांचे केवळ ओरखड्यांवर निभावले नसते. स्थळाचाही प्रश्न आहेच. धगधगता पर्वत म्हणजे कॅमेरूनचा ज्वालामुखी मानला, तर हॅनो गोरिलांच्या प्रदेशात पोहोचला होता. पण तो सिएरा लिओनच्या आसपासूनच परतला असे मानणारेही आहेत. तेथे चिंपांझी आहेत, गोरिला नाहीत.

चिंपांझींच्या बाजूने बरेच पुरावे पडतात. पण ती माणसे असण्याची शक्यताही सोडून देता येत नाही. हकीकत तर त्यांना माणसेच म्हणते. केसाळ कातडी पांघरलेले लोक दुरून केसाळ दिसतील, हे खरे. पण कातडे सोलणाऱ्यालाही फरक कळू नये, हे मात्र पटत नाही. उलट, वानरांना माणसे समजण्याची चूक अनेक देशांतील लोकांनी केली आहे. मलाय भाषेत 'ओरांग हुतान' म्हणजे रानातला माणूस. 'वानर' हा आपला शब्दही वनाशी संबंधित. पण 'वा नर', म्हणजे 'हा नर तर नव्हे?' अशी त्याची फोड आपल्याकडे लोक आवडीने करतात. व्याकरणाच्या दृष्टीने ती चुकीची असली तरी वानराकडे पाहताना मनात येणारा प्रश्न ती बरोबर पकडते. हॅनोच्या खलाशांनाही तो पडला असेल. 'माणसे' असे म्हणत म्हणतच त्यांनी सुऱ्या काढल्या. त्या तिघी कोण होत्या हे सांगू शकली असती ती कातडी. पण कार्थेजच्या पाडावानंतर ती कोणाच्याच दृष्टीस पडली नाहीत.

२०१२ मध्ये गोरिलाच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याचा आणि आपला सुमारे ९८ टक्के भाग जुळतो असे दिसून आले.

येथे एक खुलासा करायला हवा, कारण वर्तमानपत्रांतून 'गोरिला युद्ध' असा शब्द वाचून अनेक मुलांची फसगत होते. त्या शब्दाचा या वानराशी काडीचाही संबंध नाही. स्पॅनिश भाषेत युद्धाला 'गेर्रा' म्हणतात. त्याचे लघुत्वदर्शक रूप म्हणजे छोटे युद्ध. १८०८ ते १८१४ या काळात स्पेनमधील लोकांनी लहान लहान टोळ्यांनी नेपोलियनच्या फौजांना जेरीस आणले, तेव्हा हा शब्द इंग्रजीत शिरला. इंग्रजीत दोन्ही शब्दांचे उच्चार जवळजवळ एक होतात आणि घोटाळा होतो. आपल्याकडे त्यासाठी 'गनिमी कावा' हा खणखणीत शब्द असताना गोरिलाला रणांगणावर ओढायचे कशाला?

युद्धाशी संबंध नसलेला हा शाकाहारी प्राणी माणसाच्या बंदुकांना आणि कुऱ्हाडींना मात्र पुरता ओळखून आहे. डोंगरी गोरिलांची गणना २०१९ मध्ये जाहीर झाली ती १,०६३ एवढी. ही संख्यादेखील कसोशीच्या संरक्षणामुळे वाढून झालेली आहे. नायजेरिया आणि कॅमेरूनच्या सीमेवरची क्रॉस नदीकाठची उपजात तर तीनशेच्याही आत आहे.

डोंगरी गोरिलांवर नजर ठेवणारे संशोधक प्रत्येकाला वेगळे ओळखतात. आपल्या बोटांचे ठसे जसे निरनिराळे, तशा गोरिलांच्या नाकावरच्या सुरकुत्या निरनिराळ्या असतात. वहीत नाकाचे चित्र काढायचे आणि शेजारी नाव लिहायचे, अशी ही पद्धत आहे. रवांडा देशात २००५ पासून गोरिलांच्या नव्या पिल्लांचे जाहीर बारसे करण्याची प्रथा सुरू झाली. तिला तेथे 'क्विता इझिना' म्हणतात. अर्थ 'नाव ठेवणे'. मूल जन्मल्यावर घरच्या माणसांच्या समक्ष त्याचे नाव ठेवण्याच्या रवांडातील जुन्या रीतीवरूनच ती घेतलेली आहे. पिल्लांची नावे ठेवतात ती बहुधा तेथल्याच किन्यारवांडा भाषेतली. त्या भाषेत या प्राण्याला गोरिला म्हणत नाहीत. तिथला शब्द आहे 'इंगागी'.